जुम्मापट्टीच्या पुढे

आई गेली तेव्हा मी महडला वरदविनायकाच्या रांगेत उभी होते. संकष्टी होती. अंथरुणाला खिळलेल्या आईला पेज भरवून, तिच्या उशाशी पाणी ठेवून मी मोहोपाड्याहून निघाले, तिच्याच नावाने नारळ वाहिला, आणि परत आले तर दारात चपलांचा ढीग पडलेला. माझं लग्न झालेलं नाही. पस्तीस वर्षं एका कारखान्यात टेलिफोनवर बसले, घरी आम्ही दोघीच. ज्याच्यासाठी इतक्या संकष्ट्या केल्या, त्याने आईला शेवटच्या घटकेला एकटं पाडलं आणि मला आपल्या दारात अडकवून ठेवलं, हे काही केल्या मनातून जाईना. शेजारच्या वहिनी पुढे दोन-तीनदा म्हणाल्या, "ताई, त्या दिवशीचं तुम्हाला सांगायचंय." दर वेळी मी हात जोडून त्यांना थांबवलं. आईला कुणी कसं पाहिलं, हे ऐकायची माझी तयारी नव्हती. देव्हाऱ्यात दिवा लावणंही सुटलं.

दोन वर्षं अशी गेली. संकष्टी आली की मी घर सोडून कुठेतरी जायची. गेल्या मे महिन्यातल्या संकष्टीला माथेरानच्या छोट्या गाडीत बसायचं ठरवलं. इतक्या जवळ राहून मी त्या गाडीत कधी बसले नव्हते. मला मधुमेह आहे. पहाटे इन्सुलिन टोचून घेतलं, पण खायला बसले तर घास उतरेना. संकष्टीचे उपास कायमचे बंद केले असं मी सगळ्यांना सांगायची, पण त्या दिवशी पोटच ऐकत नव्हतं. नेरळला काहीतरी खाऊ म्हणून निघाले. तिथे तिकिटाच्या रांगेतच वेळ गेला.

गाडी सुटली. पुढे जुन्या धाटणीचं, ठेंगणं डिझेल इंजिन. त्याची धडधड लाकडी बाकातून पाठीत शिरत होती. डब्यात सगळी कुटुंबं. मुलं प्रत्येक वळणावर ओरडत होती, आया त्यांना धरून ठेवत होत्या, डबे उघडत होते, एकमेकांना पुऱ्या दिल्या जात होत्या. समोरच्या बाईंनी मला विचारलं, "तुमच्याबरोबरचे दुसऱ्या डब्यात आहेत का?" मी हो म्हणाले. का, ते मला ठाऊक नाही. एकटी आहे म्हणायची लाज वाटली असेल. मग खिडकीकडे तोंड करून बसले.

जुम्मापट्टी स्टेशन मागे पडलं आणि थोड्या वेळाने माझे हात कापायला लागले. कपाळावर गार घाम आला. साखर उतरतेय हे मला कळत होतं, पण पर्समधली गोळ्यांची पुडी बोटांना सापडेना. मुलांचे आवाज लांब लांब जाऊ लागले. समोरच्या बाईंना हाक मारावी तर जीभ जड. मी डोळे मिटून बसले आहे, मला झोप लागली आहे, असंच सगळ्यांना वाटलं असणार. एवढ्या माणसांच्या मध्ये मी एकटी जाणार, आणि हे माझ्या वाट्याला आलेलं बरोबरच आहे, असंही एकदा मनात आलं. आईचा चेहरा दिसला. देवाचं नाव घेतलं नाही, हे खरं ते सांगते. नुसतं आतल्या आत म्हटलं, आता मला काही धरवत नाही, तूच बघ.

गाडी थांबली. स्टेशन नव्हतं. पुढे रुळावर एक शेळी आडवी उभी होती, इंजिनाने भोंगा दिला तरी हलेना. तिच्यामागे वरच्या वाडीतली एक ठाकर म्हातारी शिव्या देत धावत आली, शेळीला ओढून बाजूला केलं आणि डब्याच्या कडेने परत जाता जाता माझ्या खिडकीशी थबकली. हे मला नंतर समोरच्या बाईंनी सांगितलं. मला आठवतो तो गालावरचा खरखरीत हात.

"अगं बाय, ही निजली नाय. हिला कायतरी हुतंय!" ती ओरडली. "कोन हाय हिच्यासंगं?"

उत्तरासाठी ती थांबली नाही. काखेतल्या पाटीतला फणसाचा गरा काढून, आठळी टाकून, माझ्या तोंडात दाबला. "चाव. गिळ आता. नाय मरत तू."

गार्ड आला. म्हातारी तोवर डब्यात चढलीही होती. "आजी, उतरा, गाडी सोडायची आहे," तो म्हणाला.

"हिला एकलीला कशी सोडू? फुडल्या ठेसनाला उतरते."

"आणि शेळी?"

"तिला घर ठावं हाय."

गार्डने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि हिरवी झेंडी दाखवली.

तिचं नाव बुधीबाई. माझं डोकं आपल्या खांद्याला टेकवून ती एकेक गरा भरवत राहिली. अंगाला धुराचा आणि फणसाचा वास. हळूहळू आवाज जवळ आले, हातांचं कापणं थांबलं, आणि मला रडू फुटलं. "रड गं," ती म्हणाली, आणि मग खिडकीबाहेर बघून हसली. "जल्म गेला या रुळाच्या कडंला. गाडीत आज बसले."

पुढच्या, वॉटर पाइप स्टेशनला ती उतरली. मी पैसे पुढे केले तेव्हा तिने माझा हात बाजूला सारला. समोरच्या बाईंनी आपला डबा माझ्या मांडीवर ठेवला. पुढे एका वळणावर सगळ्यांनी "मोरया" म्हणून हात जोडले. डोंगरावरचा गणपती दिसत होता म्हणे. मी उलट्या बाजूला, खाली पायवाटेवर बुधीबाईंचं लुगडं कुठे दिसतं का बघत होते. दर्शन चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

संध्याकाळी घरी आले आणि कुलूप न काढता वहिनींची कडी वाजवली. म्हटलं, "सांगा. आज ऐकते."

वहिनींनी मला बसवलं. त्या दिवशी त्या विरजण मागायला आल्या होत्या. आईचा श्वास लागलेला पाहून धाकट्या जावेला डॉक्टरकडे पिटाळलं आणि स्वतः आईचा हात धरून बसल्या. "शुद्धीवर होत्या हो. मला विचारलं, तिचं दर्शन झालं असेल का गं? मी म्हटलं, झालं असेल. तर म्हणाल्या, बरं झालं. मग डोळे मिटले."

दोन वर्षं मी ज्याच्याशी भांडत होते, त्याने आईजवळ माणूस बसवलं होतं. ते सांगायला आलेल्या माणसाला दारातून परत मी पाठवत होते. कुणी म्हणेल, शेळीचं काय, कुठेही उभी राहते. म्हणू दे. मला त्यात काही सिद्ध करायचं नाही. मी अजून एकटीच राहते, रात्री घर मोठं वाटतं. पण माझ्या शेवटाची काळजी मी आता करत नाही. ज्याचं काम त्याच्यावर सोडलं आहे. माझ्याजवळ कोण बसेल हे मला ठाऊक नाही; कुणीतरी बसेल, एवढं मात्र ठाऊक आहे.