गच्चीवरचा बिघडलेला डबा

विनिता मनवेलपाड्यात बिनतारी इंटरनेट पुरवायची. २००६ साली एका दुपारी सगळ्यांचं नेट बसलं. तिने दुकानातूनच गिऱ्हाइकांच्या गच्च्यांवरचे, सिग्नल पकडणारे डबे एकेक करून बंद करून पाहिले. दिगंबरच्या गच्चीवरचा बंद होताच बाकीच्यांचं नेट सुरू झालं. तोच डबा बिघडून सगळ्यांचा सिग्नल अडवत होता.

दिगंबर सळई घेऊन दुकानात घुसला. “माझंच नेट का तोडलंस? चालू कर.”

“तुमचा डबा बिघडलाय. चालू केला तर सगळ्यांचं नेट बसेल.”

त्याने तिच्या हातावर सळई हाणली. हाड मोडलं, पण ती बधली नाही. धावत आलेल्या शेजाऱ्यांनी त्याला रक्तबंबाळ केलं, तेव्हा तीच मध्ये पडली. “सोडा, मरेल तो.”

प्लास्टर निघाल्यावर तिने त्याच गच्चीवर नवा डबा बसवला. शिडी दिगंबरच्या बायकोने धरली होती.