साखळी पडत असताना

मुलीला वरच्या बॅचमधून खालच्या बॅचमध्ये टाकल्याचं मला क्लासच्या मेसेजवरून कळलं. इंजिनिअरिंगच्या मोठ्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेणारा ठाण्यातला क्लास. शीळफाट्यावर माझं हार्डवेअरचं दुकान आहे. शटर ओढलं आणि स्कूटर काढली. हे दुकान मी घासाघीस करून उभं केलंय, न भांडता मला कोणी काही दिलेलं नाही. तिथेही मी भाव करायलाच गेलो.

क्लासचे मुख्य सर म्हणाले, "मुलगी मेहनती आहे. पण मेकॅनिक्स पाठ करते. राज्याची सीईटी द्या, तेवढं झेपेल तिला." हे बाकीच्या पालकांसमोर. तो 'झेपेल' मी अजून विसरलेलो नाही. मी आवाज चढवला. बरीच ओढाताण होऊन एवढंच पदरात पडलं की पुढच्या टेस्टला तिने वरच्या बॅचचा पेपर द्यायचा, चांगला गेला तर परत वर.

डोंबिवलीला घरी आलो तर ती दारातच उभी.

"पप्पा, तुम्ही तिथे ओरडलात?"

"बोललो."

"रिसेप्शनच्या ताईंनी मला सगळं सांगितलंय." ती रडेल असं वाटलं, पण रडली नाही. म्हणाली, "सरांशी नका भांडू. माझ्याशी भांडा. मी गणित समजावते, तुम्ही भाव पाडणाऱ्या गिऱ्हाइकाला अडवता तसं मला अडवा."

मग ती कॉलेजातून थेट दुकानात यायला लागली. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं. रंगाच्या डब्यावर बसून ती मांडीवरच्या पॅडवर लिहायची आणि मोठ्याने सांगायची. मी आयटीआय केलेला माणूस. इंटिग्रेशनचं ते लांब वाकडं चिन्ह मला पडद्याच्या हुकासारखं दिसतं. पण कोणी काही गृहीत धरून पुढे सरकलं की मला लगेच कळतं, माल देणारे व्यापारी भाव सांगताना सगळे तसंच करतात.

एके दिवशी साखळीचं गणित निघालं. साखळी उभी धरलीय, खालचं टोक वजनकाट्याला टेकलंय. हात सोडला. पडता पडता काटा किती दाखवेल?

"जेवढी पडली तेवढं वजन," मी म्हणालो. साखळी मी किलोवर विकतो.

"तिप्पट."

"काहीतरीच काय? एवढ्याने तर मी लखपती झालो असतो."

"पडत असेपर्यंतच, पप्पा. पडून झाली की तुमचं नेहमीचं वजन." तिने कडी कडी करून सांगितलं. प्रत्येक कडी वेगाने येते आणि काट्यावर थांबते. तिला थांबवायचा जोर काट्यालाच लावावा लागतो, तो पडलेल्या साखळीच्या वजनाच्या दुप्पट. अधिक पडलेलीचं स्वतःचं वजन. मी नाही म्हणत राहिलो, ती सांगत राहिली. शेवटी मला मानावं लागलं.

"बरं. पण दुकानात साखळी कोण अशी सोडतं? काटा मोडेल. मी हाताने हळूहळू खाली सोडतो, एकाच वेगाने. मग पण तिप्पट?"

"हो," ती म्हणाली आणि पॅडकडे बघायला लागली. पेन्सिल तोंडात. मग ओशाळून हसली. "नाही. नाही ना. तिप्पट तर वेग वाढत गेला म्हणून आलं. मागच्या टेस्टमध्ये मी हेच केलेलं. साखळी दिसली की तिप्पट."

तिने पान उलटलं आणि पहिल्या ओळीपासून मांडायला घेतलं. एक गिऱ्हाईक बिजागऱ्या मागत होतं. मी त्याला म्हटलं, जरा थांबा. गिऱ्हाइकाला मी असं कधी थांबवत नाही.

टेस्ट झाली. पेपर चांगला गेला, आणि आठवड्याने क्लासने आम्हाला बोलावलं. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. जिन्यात ती थांबली.

"पप्पा, मला वरच्या बॅचमध्ये नाही जायचं."

"काय?"

"वर सर फळ्यावर भराभर उतरवतात, सगळे लिहून घेतात. कोणी अडवत नाही. अडवलं की मागचे हसतात. खालच्या सरांना थांबवता येतं. मला तसंच समजतं."

"मग मी भांडलो कशाला?"

"टेस्ट देता आली ना."

"एक महिना वर बसून बघ."

"नको."

"आठवडाभर तरी."

"पप्पा, मी गिऱ्हाईक नाहीये."

आत सरांनी अभिनंदन केलं, खुर्ची दिली. तिने स्वतःच सांगितलं की ती आहे तिथेच बसेल. सर माझ्याकडे बघायला लागले. "अहो, सगळ्यांना वर जायचं असतं." ते पालक, तो 'झेपेल', सगळं माझ्या जिभेवर आलं. तिने टेबलाखालून माझं मनगट धरलं. लहानपणी रस्ता ओलांडताना मी तिचं धरायचो तसं.

"ती म्हणेल तसं," मी म्हणालो.

तिचा तास सुरू होत होता. "तुम्ही निघा," म्हणून ती खालच्या बॅचच्या वर्गात शिरली. दुकान बंद होतं, गिऱ्हाईक परत जात असणार. तरी मी पॅसेजमध्ये उभा राहिलो. थोड्या वेळाने आतून तिचा आवाज आला. "सर, दुसऱ्या ओळीत हे कुठून आलं?" कोणी हसलं नाही. सरांनी फळा पुसल्याचा आवाज आला, आणि ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.