आर्चबिशपची खुर्ची

दिगंबरकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी जर्सी सिटीहून ऑफिसला निघालो होतो. गाडी बोगद्यात शिरली, फोन कट झाला, आणि अंधारात माझ्या मनात आलं, आता मिलानच्या आर्चबिशपांचं काय होणार?

हसू नका. पिस्कॅटवेच्या त्यांच्या घरी जाणाऱ्या प्रत्येकाला चहाबरोबर एक आर्चबिशप मिळायचाच. काका हृदयाचे डॉक्टर. निवृत्तीनंतर लोक मांजर पाळतात, त्यांनी मध्ययुगीन इटलीतले हे धर्मगुरू पाळले. कोरीव सागवानी खुर्चीत बसून, तर्जनी उंचावून ते सुरू करत. राजाच्या डोक्यावर मुकुट ठेवणारा हाच, आणि बिनसलं की त्याच राजावर फौज घेऊन जाणाराही हाच. शहराची फौज बैलगाडीवर झेंडा आणि वेदी चढवून रणांगणात निघे. "आपल्या मराठी मंडळाचा गणपती पिकअपवरून निघतो ना, तसंच," काका म्हणत, "फक्त त्यांच्याकडे भाले होते." त्यांना त्या माणसांची मनापासून किळस यायची, आणि त्यांच्या गोष्टी मात्र सोडवत नसत. मलाही नाही.

सगळ्यांत घाणेरडा भाग ते शेवटी राखून ठेवत. आर्चबिशप मेला की लोक त्याच्या वाड्यात घुसत. भांडी, पडदे, घोडे, हाताला लागेल ते नेत. आणि पुढारी मंडळींचा डोळा खुर्चीवर, कारण सत्ता खुर्चीची. हे ऐन रंगात आलं की स्वयंपाकघरातून काकू म्हणायच्या, "अहो, त्याला जेवू तरी द्या."

अंत्यसंस्कारानंतरच्या रविवारी मंडळाचे अध्यक्ष भेटायला आले. सोबत दोन कार्यकर्ते, दारात पिकअप. काकांची खुर्ची दरवर्षी गणपतीत प्रमुख पाहुण्यांसाठी मंडळात जायची, आणि अध्यक्षांना ती स्वतःसाठी हवी होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यात मंडळाची निवडणूक तोंडावर. डोळे पुसून, चहाचा एक घोट घेऊन त्यांनी सांगितलं, खुर्ची कायमची मंडळात यावी अशी काकांची इच्छा होती. तिच्यावर बसून काम करताना त्यांचा आशीर्वाद पाठीशी राहील. तोवर एका कार्यकर्त्याने खुर्चीवरची काकांची शाल उचलून सोफ्यावर टाकलीसुद्धा.

मी उठणार, तेवढ्यात काकू उठल्या. सोफ्यावरची शाल घेतली, खुर्चीपाशी गेल्या आणि तिच्यात बसल्या. इतक्या वर्षांत त्यांना तिथे बसलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.

"त्या बिशपांना बायका नव्हत्या, म्हणून त्यांचे वाडे लुटले गेले," त्या अध्यक्षांना म्हणाल्या. "यांना आहे. चहा संपवा, गार होतोय."

पिकअप रिकामी गेली.

आता मी गेलो की चहा मीच करतो. काकू खुर्चीत, गुडघ्यांवर शाल. मी कप ठेवला की तर्जनी वर जाते... "तर मागच्या वेळी विषाच्या पेल्यापर्यंत आलो होतो ना आपण?" त्यांचे आर्चबिशप काकांच्या आर्चबिशपांपेक्षाही नालायक आहेत.