इंटरव्ह्यू शाळेचा

शाळा शोधायला निघालेल्या आईबापांना शाळा उशिरा सापडते, किस्से मात्र आधी जमतात. सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीतून मी आणि नागपूरची केतकी एकदमच निघालो, कारण दोघींच्या मुली यंदा पहिलीत जायच्या होत्या. आता चहाला कुणी आलं की फर्माईश होते, "तो किस्सा सांग ना."

माझं मात्र ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आम्ही पुण्याहून इथे कन्नड मुलखात नवीनच आलेलो. पहिल्याच आठवड्यात माझ्या ओवीने मराठी न कळणाऱ्या यूकेजीच्या बाईंना सांगितलं, "शू." बाईंनी वाकून तिचे बूट बघितले. ती परत म्हणाली, "शू!" बाईंनी बुटाचा पट्टा आणखी घट्ट लावून दिला. पुढे काय झालं ते सांगायला नको. घरी आमचे कान किटवणारी पोर त्या दिवसापासून शाळेत तोंडच उघडेना. वर्ष संपलं तरी नाही. माझा जीव तुटायचा. तेव्हाच ठरवलं, यावेळी इंटरव्ह्यू शाळेचा होणार आणि तो मी घेणार.

*

पहिली शाळा स्विमिंग पूलवाली. तिथल्या काउन्सिलर बाई आम्हाला रोबोटिक्स लॅब, घोडे, ऑडिटोरियम असं काय काय दाखवत होत्या. केतकीने मध्येच विचारलं, "ते राहू द्या हो मॅडम, लहान पोरींचं टॉयलेट दाखवा."

बाई गोड हसल्या. "सॉरी, ते टूरमध्ये नाहीये."

"मग आम्हीपण नाही," केतकी म्हणाली आणि चालायला लागली.

*

दुसऱ्या शाळेत इंटरव्ह्यू आईबापांचाच. प्रिन्सिपलनी विचारलं, "तुमच्या मुलीचा वीकनेस काय?"

माझा नवरा मंदार आयटीतला, नोकरीचे इंटरव्ह्यू देऊन देऊन पक्का झालेला. पटकन म्हणाला, "शी इज टू मच ऑफ अ परफेक्शनिस्ट."

तेव्हा ओवी टेबलाखाली बसून खोडरबर चाटत होती. प्रिन्सिपल वाकल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "दिसतंय."

*

मग जयनगरच्या सुधाअक्का भेटल्या. पिढ्यान् पिढ्या इथलंच मराठी घर त्यांचं. त्या म्हणाल्या, "आत जाऊन काय कळतंय ग? सुटायच्या वेळेला गेटासमोर स्वल्प थांब. पोरं कशी बाहेर येतात बघ, सगळं कळतंय."

गेलो एका नावाजलेल्या शाळेसमोर. पोरं रांगेत बाहेर आली, ओठांवर बोट. समोर आई दिसली तरी बोट ओठावरच. माझी पोर तर इथे मुकीच होईल, म्हटलं. ही शाळा बाद!

तेवढ्यात वॉचमन आला. "आप का बच्चा कौन सा है?"

मंदार प्रामाणिकपणे म्हणाला, "अभी देख रहे हैं."

तिथून आम्ही अक्षरशः पळालो.

*

केतकीच्या मुलीचं ठरलं, तरी माझं नाही. "किती चिकित्सा करतेस," मंदार म्हणाला. मी म्हटलं, ओवीचं ऐकून घेणारं एक माणूस जिथे दिसेल ती शाळा. तोवर चालत राहायचं.

शेवटी मागच्या गल्लीतली एक छोटी शाळा बघायला गेलो. जेवणाची सुट्टी नुकतीच सुरू झालेली. मुलं सतरंजीवर डबे उघडून बसलेली. कन्नडमध्ये जेवणाला 'ऊटा' म्हणतात. तिथल्या मुलांना सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या आयम्माने ओवीला बघितलं, शेजारची जागा हाताने थोपटली आणि म्हणाली, "ऊटा, ऊटा."

ओवी जागा बघून बसली. मग 'उठा' ऐकून उठली.

आयम्माने पुन्हा सतरंजी थोपटली. "ऊटा माडू, पुट्टी." म्हणजे, जेव ग बाळ.

ओवी बसली. परत उठली. मी पुढे होणार, तोच मंदारने माझा हात धरला.

आयम्मा घास हातात धरून, मान वर करून थांबली होती. तिला कसलीच घाई नव्हती. ओवीने कमरेवर हात ठेवले आणि अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं आजी, बसू का उठू? एकदा काय ते ठरव!"

मी मंदारला म्हटलं, "ठरलं."