आबांनी भांगललेलं पाइनचं रान

मुरगूडकरांनो, आणि माझ्यासारखं मुरगूड सोडून गेलेल्यांनो, नव्वदच्या दशकात मी अमेरिकेला निघालो तेव्हा कोल्हापूर स्टेशनवर एवढी माणसं आली होती की वजनानं गाडी तासभर हललीच नाही. आईनं दिलेल्या चटणीच्या वासानं तिकीट तपासनीस मिरजेपर्यंत शिंकत आला. वडील, म्हणजे आबा, एवढंच म्हणाले, "रान स्वच्छ ठेव, मग कुठंबी ऱ्हा." आबांच्या उसात तणसुद्धा परवानगी घेऊन उगवायचं.

इथं अमेरिकेच्या दक्षिणेकडं मला राखायला रान मिळालं ते पाइनचं. लोकांनी जुनी झाडं तोडून नेली, उरलेल्यात आग म्हणून लागू दिली नाही. मग झुडपं माजली आणि पाइन गुदमरला. या झाडाला अधूनमधून आग हवीच. पहिली काही वर्षं ते गवताच्या झुबक्यासारखं बसून नुसती मुळं सोडतं. वरून जाळ गेला तरी आतला कोंब शाबूत. आम्ही रानात काम करणारे रोपं लावतो आणि ती मुळं धरून मुरली की रान बेतानं जाळतो. फोनवर हे सांगितलं, तर आबा म्हणाले, "थापा मारायला बी काय सुमार?" जन्मात एकदा खरं बोललो, तर ही गत. आबांना हे पटावं म्हणून मी झुरत होतो.

दोन हजार सालानंतर आई-आबा इकडं आले. बॅगेत खुरपं. दुसऱ्याच सकाळी रानात पोचतो, तर आबा घाम पुसत उभे. "किती गवत माजवलंयस रं? भांगलून टाकलं बघ." नुकतीच लावलेली रोपं मुळांसकट ढिगात. मी ढिगातून एकेक रोप वेचायला लागलो.

"आबा, ती झाडं हायती."

"ही? झाडं?"

माझ्या मागनं आलेली आई म्हणाली, "पोरगं रडाय लागलंय म्हंजे खरंच असंल की. चला, लावा माघारी."

तिघांनी त्याच खुरप्यानं लावली.

पुढं पलीकडच्या मुरलेल्या पट्ट्यात आम्ही जाळ घातला. ज्वाळा साखर कारखान्याच्या धुराड्याएवढ्या, बरं, गुडघ्याएवढ्या. आबा पाठ करून बसले. मग रोज सकाळी राखेत जाऊन उकिडवे बसायचे. एकदा हाक आली. काळ्या झुबक्याच्या मधोमध हिरवा कोंब. आबांनी बोटानं चाचपला. "व्हय की रं."

आता मुरगुडात आबाच ही गोष्ट सांगतात. त्यांच्या ज्वाळा ढगाला लागतात. लोक म्हणतात, पोरगं थापाड्या होतंच, आता बापबी.

घर कुठं म्हणाल, तर जिथल्या गवताची आबांना काळजी, तिथं. दर रविवारी फोनवर विचारतात, "रान कसं हाय?"

"गवत माजलंय, आबा."

"असू दे. हात लावू नको."