एम.ए. झाल्यावर काय यावं

गोविंद बिरादार गेल्याचं मला विद्यापीठाच्या भूगोल अभ्यासमंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. त्या बातमीच्या बरोबर वर माझीच सूचना होती : ‘सर्वांनी आपापल्या पेपरच्या अध्ययन निष्पत्ती शुक्रवारपर्यंत पाठवाव्यात.’ लातूरच्या आमच्या कॉलेजात तेव्हा माझा तास चालू होता. मी तो पुरा केला, हजेरीसुद्धा घेतली आणि मग स्टाफरूममध्ये येऊन बसून राहिलो. चाकूरच्या घरी सकाळी चहा घेता घेता तो गेला होता. याला आता दीड महिना झाला...

आम्ही दोघं नांदेडला एकाच खोलीत राहून भूगोलात एम.ए. केलं. पुढं तो तिथल्याच पदव्युत्तर विभागात शिकवायला लागला, मी लातूरला आलो. त्याची चाकूरकडची बोली प्राध्यापक झाल्यावरही सुटली नाही आणि ती सोडावी असं त्याला कधी वाटलंही नाही. काही वर्षांपूर्वी अभ्यासक्रम बदलले आणि आमच्यामागं अध्ययन निष्पत्ती लागल्या. म्हणजे दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या विद्यार्थ्याला काय काय करता यायला हवं, ते मोजक्या वाक्यांत आधीच लिहून द्यायचं. आम्हा बहुतेकांना हे आणखी एक कागदी काम वाटलं. बिरादारलाही तसंच वाटलं असतं, पण त्याच सुमारास संगीता त्याच्याकडे आली.

संगीता मुखेडकडची, त्याची जुनी विद्यार्थिनी. एम.ए.ला पहिल्या वर्गात पास झालेली. पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत ती मुलाखतीला गेली, तर तिथल्या बाईंनी तिच्यासमोर तिच्याच तालुक्याचा टोपोशीट, म्हणजे चढउतार आणि ओढेनाले दाखवणारा मोठा नकाशा पसरला आणि म्हणाल्या, “तुमच्या गावाचं पाणी कुठल्या बाजूनं उतरतं, सांगा.” तिला सांगता आलं नाही. ती एस.टी.नं थेट नांदेडला आली आणि बिरादारच्या टेबलासमोर उभी राहिली. “सर, मी भांडायला न्हाई आले. फक्त इचारायचंय. हे शिकवलं त्या दिवशी मी गैरहजर होते का?”

“न्हाई बाई,” बिरादार म्हणाला, “तू हजरच होतीस. आम्ही नव्हतो.”

हे त्यानंच मला फोनवर सांगितलं.

मग त्यानं एम.ए. भूगोलाच्या निष्पत्ती स्वतः लिहायला घेतल्या. सहा वाक्यं, आठ दिवस. पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे : ‘विद्यार्थ्याला आपल्या तालुक्याचा नकाशा कोणाच्या मदतीशिवाय वाचता येईल आणि शिवारात उभं राहून पाणी कुठून कुठं जातं ते दाखवता येईल.’ मंडळाच्या बैठकीत एक सदस्य म्हणाले, भाषा फार साधी आहे, ‘विश्लेषणात्मक क्षमता विकसित होईल’ असं काहीतरी पाहिजे. दुसऱ्यानं खरी अडचण सांगितली. लिहिलं की तपासावं लागणार. प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात नकाशा द्यायचा तर नकाशे कुठं आहेत? निम्म्या जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावरच्या माणसांनी शिवारात कधी जायचं? मंडळाचा अध्यक्ष मी. विद्यापीठाचं मूल्यांकन करणाऱ्या समितीची भेट तोंडावर आलेली. दुसऱ्या एका विद्यापीठाच्या निष्पत्ती होत्या, त्या थोड्या फिरवून घेतल्या आणि मी सही केली.

बिरादार त्या दिवशी मला बसस्टँडपर्यंत सोडायला आला.

“सही तूच केलीस?”

“केली.”

“लई घाई होती का रे?”

“होती.”

त्यानं लातूर गाडीची पाटी मला दाखवली. “असू दे. कागदावर न्हाई तर न्हाई. पोरांना तर येऊ दे.” त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो घरी जेवायला चल म्हणाला, आणि मी गाडी चुकेल म्हणून गेलो नाही.

त्यानंतर दर शनिवारी तो वेळापत्रकाबाहेर नकाशाचा वर्ग घ्यायला लागला. वळणावळणाच्या ओढ्यावर दोरा ठेवायचा, मग तो सरळ करून लांबी मोजायची, इथपासून. दोन-तीन महिन्यांनी पोरापोरींना घेऊन मुखेडच्या माळावर जायचा, उन्हात उभं करायचा. संगीता पहिल्याच वर्गात पुन्हा विद्यार्थिनी म्हणून बसली. पुढच्या वर्षी तिला त्याच संस्थेनं घेतलं. मंडळाच्या फायलीत यातलं काही नाही.

शोकसभेनंतर मंडळाची बैठक होती. मी बिरादारची सहा वाक्यं वाचून दाखवली आणि ती घ्यावीत असं सुचवलं. सगळे हळवे झाले होते, माना हलल्या. मग ठरलं की विषय महत्त्वाचा आहे, सवडीनं घेऊ. मी आग्रह धरला, मतभेदाची नोंद करायला लावली. एवढंच झालं. इतक्या वर्षांनी एवढंच.

तिथून विभागातल्या त्याच्या खोलीकडे गेलो. शिपाई कपाट रिकामं करत होता. “सर, ह्या गुंडाळ्यांचं काय करू?” जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेले नकाशे होते. वरचा, मुखेडकडचा, सोडून पसरला. त्याच्या कोऱ्या कडेला पेन्सिलीनं बारीक अक्षरांत नावं लिहिलेली होती, प्रत्येक नाव वेगळ्या हस्ताक्षरात. शिपाई म्हणाला, “ज्याला पूर्ण वाचता आला, त्यालाच सर नाव लिहू द्यायचे.” मी नावं मोजली नाहीत. शेवटच्या नावाखाली जागा होती. भूगोलाचा प्राध्यापक मी, मंडळाचा अध्यक्ष, आणि असा नकाशा शेवटचा कधी हातात घेतला होता ते मला आठवेना... शिपायाला म्हणालो, किल्ली राहू दे माझ्याकडे. खुर्ची खिडकीजवळ ओढली, नकाशाच्या कोपऱ्यांवर चार पुस्तकं ठेवली, चष्मा पुसला आणि मुखेड शोधायला लागलो.