जॉब रिजेक्ट

मुलीचा मेसेज आला तेव्हा मी धायरीच्या घरी पेपर वाचत होतो. "जॉब रिजेक्ट झाला. यायला उशीर होईल." फोन लावला तर उचलेना. कारखान्यात मधली सुट्टी सोडली तर मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो, हे तिनं दहा वेळा सांगितलेलं त्या घाईत आठवलं नाही. स्कूटर काढली आणि थेट भोसरी गाठली.

बारावीला चांगले मार्क असून ती सरकारी आयटीआयला गेली, तेही मशिनिस्ट व्हायला, याचा मला राग होता. जन्मभर सरकारी कचेरीत कारकुनी केली तरी 'सरकारी' म्हटलं की नाक मुरडायची सवय काही जात नाही. नातेवाइकांनी विचारलं तर "कॉम्प्युटरचा कोर्स करते" असं सांगून मी विषय बदलायचो. तिच्यासमोरच.

गेटवरच्या रजिस्टरात 'भेटीचे कारण' या रकान्यात मी 'घरगुती' असं लिहिलं.

आत आयटीआयच्या मॅडम भेटल्या. सरकारनं कारखान्याशी करारच तसा केलेला होता. आठवड्यातले दोन दिवस वर्ग, चार दिवस इथे काम, आणि मुलांना खरोखर मशीनवर उभं करतात की नुसता केर काढायला लावतात, हे बघायला मॅडमनी येत राहायचं. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी सरळ हात जोडले. "अहो मॅडम, एवढ्या वेळी सांभाळून घ्या. पोरीची नोकरी जाऊ देऊ नका."

त्यांनी बोटभर लांबीचा एक पोलादी तुकडा माझ्या हातावर ठेवला. "हा जॉब. आमच्याकडे यालाच जॉब म्हणतात. खाच केसभर जास्त कापली गेली, म्हणून रिजेक्ट."

"कुणी केला?"

"तिनंच. तपासणीला द्यायच्या आधी मोजला आणि बाजूला काढला. आता पुन्हा करतेय. आपण आलाच आहात, तर बघून जा."

मी काचेआडून बघत राहिलो. घरी भाजी चिरतानासुद्धा अखंड बडबडणारी ही मुलगी तासभर तोंडातून शब्द न काढता कापत होती, थांबत होती, मोजत होती. तो तुकडा मी उलटसुलट करून पाहिला. मला त्यात खोट दिसेना. कचेरीत मी चुका झाकायलाच शिकलो होतो. मला तिचा फार अभिमान वाटला आणि स्वतःची लाज वाटली.

नवा जॉब पास झाला. हात पुसत ती बाहेर आली, मला बघून चमकली. मी सगळी हकीकत सांगितली. ती हसेल असं वाटलं होतं.

"बाबा, जे काम तुम्ही कुणाला सांगत नाही, ते गेलं म्हणून एवढं धावत आलात?"

मी हातातला तो रिजेक्ट तुकडा तिच्या हातावर ठेवला.

बाहेर पडताना सही करायला रजिस्टर पुढे आलं. मी 'घरगुती' खोडलं आणि वर लिहिलं, 'मुलगी इथे मशिनिस्ट आहे.'

"काका, रजिस्टरात खाडाखोड चालत नाही," वॉचमन म्हणाला.

"माहीत आहे," मी म्हणालो, आणि खोडलेल्या शब्दाशेजारी पूर्ण सही केली.